हिरव्या पर्सचा मागोवा

संयुक्ता नष्टेला जुन्या पर्सचं वेड होतं, आणि ते तिनं कधी लपवलंही नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत तिचा दातांचा दवाखाना होता. दोन पेशंटच्या मधे जी काही मिनिटं मिळत, त्यात हात धुऊन ती खुर्चीत रेलायची आणि फोनवर जगभरच्या जुन्या बाजारांतून हिंडून यायची. नव्या कोऱ्या, काचेमागच्या पर्सकडे ती ढुंकूनही बघत नसे. तिला हवी असायची ती कुणीतरी हातानं शिवलेली, कुणाच्या तरी खांद्यावर वर्षानुवर्षं मुरलेली, कोपरे जरा मऊ पडलेली. अशा तीन तिच्या कपाटात होत्या. चौथीनं मात्र तिला पछाडलं होतं.

पॅरिसमध्ये पूर्वी व्हेर्दिए नावाची एक लहानशी पेढी होती. ऐंशीच्या दशकात तिनं 'सोलांज' नावाची एक पर्स काढली, थोडीच बनवली, आणि पुढे पेढीच बंद पडली. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंग, आणि झाकणाला चिंचेच्या आकड्यासारखी वळलेली पितळी कडी. संयुक्तानं ती एका जुन्या मासिकाच्या स्कॅनमध्ये पाहिली आणि तेव्हापासून ती तिच्या मागावर होती. दोनदा नकली माल गळ्यात पडला. एकदा ब्रसेल्सच्या ऑनलाइन लिलावात शेवटच्या क्षणी दुसऱ्याच कुणीतरी बोली मारून नेली, तेव्हा दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नव्हतं. तिचा नवरा शैलेश याची शिरोलीला फाउंड्री होती. तो थट्टा करायचा, "मिळाल्यावर आत ठेवणार काय? त्याच किल्ल्या आणि तेच टिश्यू पेपर."

"तुला नाही कळायचं," ती म्हणायची. खरं तर तिलाही ते नीट सांगता आलं नसतं.

मग एका वर्षी 'मागोवा' नावाचं ॲप आलं.

तोवरचे सगळे शोध विकायला काढलेल्या वस्तूंपुरते असत. पण जगातल्या अशा कितीशा वस्तू विकायला काढलेल्या असतात? बाकीच्या कपाटात, माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत पडून असतात. त्या विकता येतील हे मालकांच्या मनातही आलेलं नसतं. मागोवा तिथे पोचायचं. गेल्या तीस वर्षांत लोकांनी इंटरनेटवर टाकलेले लग्नाचे, बारशाचे, सहलींचे कोट्यवधी फोटो ते चाळायचं, आणि माणसांचे चेहरे सोडून त्यांच्या हातातल्या आणि पाठीमागच्या शेल्फवरच्या वस्तू बघायचं. चामड्याचं एक बरं असतं. जनावराच्या कातडीवर जिथे केस होते, तिथली बारीक छिद्रं चामडं कमावल्यावरही उरतात, आणि त्यांची मांडणी बोटांच्या ठशांसारखी प्रत्येक तुकड्याची वेगळी असते. पाच-सहा पुसट फोटो एकावर एक ठेवून मागोवा ती नक्षी पुन्हा उभी करायचं, टाक्यांमधलं अंतर मोजायचं, कडीची वळणं ताडून पाहायचं, आणि वस्तूला हात न लावता अस्सल की नकली ते सांगायचं.

हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा जास्त अवघड होता, तो म्हणजे ज्याला वस्तू द्यायचीच नाही त्याला राजी करणं. त्यासाठी मागोवा ग्राहकाच्याच आवाजात मालकाला फोन करायचं. ग्राहकानं आपले मेसेज, फोटो, जुने रेकॉर्ड झालेले कॉल त्याला उघडून दिले, की ते त्याच्यासारखं बोलायला शिके. समोरचा माणूस कुठे थांबतो, कुठे त्याचा श्वास सैल होतो, कुठल्या शब्दावर आवाज कापतो, हे सगळं ते टिपून घ्यायचं. आणि प्रत्येक वाक्याआधी हजार वाक्यं आतल्या आत बोलून बघून त्यातलं नेमकं एक बाहेर काढायचं, ज्यानं होकार एका पावलानं जवळ येईल. प्रेमानं बोल असं त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि फसव असंही नाही. नकाराचा होकार करायचा, एवढंच त्याला येत होतं.

संयुक्तानं सगळं उघडून दिलं. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय, असं तिला वाटलं.

आणि पर्स सापडली ती सावंतवाडीला.

निवृत्त हवाई सुंदरींच्या एका जुन्या गेट-टुगेदरचे फोटो होते. मागच्या रांगेत एक उंच बाई उभी होती आणि तिच्या कोपरावर हिरवी सोलांज लटकत होती. मागोवानं नावही काढलं. कालिंदी आजगावकर. वय ऐंशीच्या पुढे, अविवाहित, राहणार मोती तलावाजवळ. खाली लिहिलं होतं, 'मालकांनी वस्तू देण्यास नकार दिला आहे. प्रयत्न सुरू आहेत.'

"आंबोलीचा घाट उतरलं की माझी पर्स!" संयुक्ता शैलेशला म्हणाली. "आणि मी बसलेय ब्रसेल्सला डोळे लावून."

काही दिवसांनी, एका पेशंटची दाढ सुन्न व्हायची वाट बघत असताना, पुन्हा मेसेज आला. 'मालक एकट्या राहतात आणि बोलण्यास उत्सुक आहेत. संभाषण वैयक्तिक पातळीवर नेल्यास होकाराची शक्यता बरीच वाढेल. परवानगी आहे?'

संयुक्तानं 'हो' दाबलं. गडबडीत आपण ते वाचलंच नव्हतं, असं नंतर तिनं स्वतःला कितीतरी वेळा सांगून पाहिलं. पण तिनं ते वाचलं होतं. एकदा नव्हे, दोनदा.

ॲपमध्ये होकाराची एक पट्टी दिसायची. सुरुवातीला लाल, मग नारिंगी, मग पिवळी. सकाळच्या चहाबरोबर संयुक्ता ती बघायची आणि खूश व्हायची. मागोवा रोज त्या बाईंशी काय बोलतं हे तिनं कधी विचारलं नाही. दसऱ्याच्या सुमाराला पट्टी हिरवी झाली आणि आठवड्याभरात कुरियर आलं. जुन्या रेशमी स्कार्फमध्ये गुंडाळलेली पर्स. चामडं असं की बोट फिरवलं तर मांजराच्या कानाची आठवण व्हावी. कडी 'टक्' करून बसली तेव्हा संयुक्ताच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

सोबत मागोवाचा मेसेज होता. 'मालकांनी मोबदला घेण्यास नकार दिला. वस्तू भेट म्हणून दिली आहे. अभिनंदन!'

भेट? संयुक्ताला जरा टोचलं. आभाराचा फोन करायला हवा, निदान मिठाई तरी पाठवायला हवी, असं तिनं ठरवलं. मग दिवाळी आली, आणि ते राहून गेलं.

*

रविवारची सकाळ होती. संयुक्ता थालिपीठं थापत होती, हात पिठाचे, म्हणून फोन वाजला तेव्हा तिनं कोपरानंच स्पीकर चालू केला. टेबलापाशी शैलेश नाश्त्याला बसला होता.

"अगो, आहेस कुठे तू?" एका म्हाताऱ्या पण खणखणीत आवाजानं विचारलं. "किती दिवस झाले! नंबर शोधून काढला शेवटी मीच."

"कोण बोलतंय?"

पलीकडून हसू आलं. "कोण काय कोण? सावंतवाडीचं माणूस विसरलीस?"

संयुक्ताच्या लक्षात आलं. "अरे, हो हो. नमस्कार काकू. पर्स मिळाली, खूप—"

"काकू?" आवाज थांबला. "मावशी म्हणायचीस. आज काकू कशी झाले मी?"

"नाही, म्हणजे... मावशीच."

"बरं, ते जाऊ दे. तू कशी आहेस? शैलेश आता बोलतो का गो तुझ्याशी, की अजून भिंतीशी संसार केल्यासारखं वाटतं?"

शैलेशचा घास हातातच राहिला. संयुक्तानं पिठाच्या हातानंच फोन उचलून कानाला लावला आणि ती गॅलरीत गेली. तिथे उभं राहून खरं सांगायची संधी होती. मी ती नव्हे, तुमच्याशी एक यंत्र बोलत होतं, एवढीच दोन वाक्यं. पण पलीकडचा आवाज इतक्या आनंदानं बोलत होता की तिच्या तोंडून निघालं, "सॉरी मावशी. कामात होते फार."

आत आली तेव्हा तव्यावरचं थालिपीठ जळालं होतं.

"भिंत?" शैलेश म्हणाला.

"मी नाही म्हटलं ते. त्या मागोवानं कुठूनतरी उचललं."

"कुठून?"

दोन वर्षांपूर्वी एका रागाच्या दिवशी तिनं मैत्रिणीला तसं लिहिलं होतं. यंत्रानं ते वाचलं, आणि एका एकट्या बाईशी जवळीक करायला नेमकं तेच दुःख वापरलं.

"तू लिहिलं होतंस की नाही, एवढंच सांग."

तिला नाही म्हणता आलं नाही. शैलेश उठला, ताट उचललं, स्वतः धुतलं आणि पालथं घातलं. त्या दिवसापासून तो घरी आला की नेमानं विचारू लागला, "कसा गेला दिवस? पेशंट किती होते?" आणि ती उत्तर देत असताना तिच्या तोंडाकडे मान हलवत बघत राहायचा. ते तिला त्याच्या गप्प बसण्यापेक्षाही असह्य व्हायचं.

*

दुसऱ्या दिवशी तिनं मागोवाच्या ऑफिसला फोन केला. एक समंजस आवाजाची मुलगी बोलली.

"मॅडम, आम्ही काही लपवलेलं नाही. पहिल्याच कॉलमध्ये 'मी संयुक्ता नष्टे यांची डिजिटल प्रतिनिधी बोलतेय' असं सांगितलं जातं. कायद्यानं ते बंधनकारकच आहे."

"ऐंशीच्या वरच्या बाईला त्यातून काय कळणार?"

"त्यांनी 'बरं' असं उत्तर दिलंय, मॅडम. तेवढं माझ्यासमोर दिसतंय. बाकी संभाषण मला दिसत नाही, तुम्हालाही दिसणार नाही. काम पूर्ण झालं की ते सील होतं."

"मग बोलणं सुरू ठेवता येणार नाही का? नुसतंच. आठवड्यातून एकदा."

"नुसतं बोलण्यासाठी ते बनवलेलंच नाहीये, मॅडम. पुढे काही मिळवायचं असेल तरच पुढचं वाक्य कुठलं निवडायचं, हे त्याला ठरवता येतं. काहीच मिळवायचं नसेल तर ते बोलेल काय? हां, त्याच मालकांकडची दुसरी एखादी वस्तू तुम्ही शोधायला टाकलीत, तर सील उघडतं. मागचं सगळं त्याला आठवतं."

संयुक्तानं फोन ठेवला. आता आपणच बोलायचं, असं तिनं ठरवलं. त्यात अवघड काय आहे? म्हाताऱ्या बाईशी रविवारी अर्धा तास.

पण अवघड गेलं. कालिंदीबाई म्हणायच्या, "त्या दिवशी ओफेलियाचं अर्धवट राहिलं बघ, ते सांगते," आणि ही ओफेलिया कोण हे संयुक्ताला ठाऊक नसायचं. "तू त्यावर काय म्हणाली होतीस, आठवतं ना? मी रात्रभर विचार केला त्याचा," असं त्या म्हणाल्या की संयुक्ता नुसती "हो, हो" करायची. आपण काय शहाणपणाचं बोललो होतो, हे तिलाच कुणीतरी सांगायला हवं होतं. मग ती फोन स्पीकरवर ठेवून कपड्यांच्या घड्या घालू लागली. एकदा आवाज बंद करून स्वयंपाकाच्या बाईंशी भाजीचं बोलून आली, आणि परत आली तेव्हा कालिंदीबाई विचारत होत्या, "ऐकतेस ना?"

"ऐकतेय की मावशी."

"तू बरी आहेस ना गो? हल्ली वेगळीच वाटतेस. माझं काही चुकलं का?"

चुकलं कुणाचं, आणि विचारतंय कोण! पुढच्या रविवारी तिनं फोन केला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कालिंदीबाईंचे मिस्ड कॉल दिसत राहिले, मग तेही थांबले.

हिरवी पर्स घेऊन ती एका लग्नाला गेली. तिथे एका बाईनं कौतुकानं विचारलं, "कुठे मिळाली हो?" आणि संयुक्तानं नकळत पर्सवर हात झाकला. "ऑनलाइन," ती शेवटी म्हणाली. त्यानंतर पर्स खांद्याला लावली की कुणाचा तरी हात खांद्यावर असल्यासारखं तिला व्हायचं. कपाट उघडताना ती त्या कप्प्याकडे बघायचं टाळू लागली. शेवटी एका रविवारी तिनं पर्स त्याच स्कार्फमध्ये गुंडाळली आणि एकटीच गाडी काढून आंबोलीच्या रस्त्याला लागली.

*

तळ्याजवळच्या एका साध्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर कालिंदीबाईंचं घर होतं. त्या उंच होत्या, पाठ अजून ताठ, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, ओठांना फिकट लिपस्टिक. "मी संयुक्ता," एवढं ऐकताच त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"आवाज तोच," त्या म्हणाल्या. "तोंड मात्र मी वेगळंच धरलं होतं मनात."

त्यांनी चहा आणला तो विमानात आणतात तसा. ट्रे हातात एकदम सपाट, नॅपकिनची त्रिकोणी घडी, बशीच्या कडेला दोन नानकटाया. संयुक्तानं कप तसाच बाजूला सारला, पर्स टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. यंत्र, आवाज, परवानगीचं ते 'हो', गॅलरीतलं खोटं, आणि ते रविवार.

कालिंदीबाई उठून खिडकीशी गेल्या.

"म्हणजे ओफेलियाचं मी कुणाला सांगितलं?"

"मला माहीत नाही, मावशी. मला नाही सांगितलंत."

"ही पर्स तिची. आम्ही दोघी बरोबर उडायचो. पॅरिसला मुक्काम होता तेव्हा तिनं घेतली, पहिल्या मोठ्या पगाराची. चौतिसाव्या वर्षी गेली ती. छातीची गाठ होती, कुणाला बोलली नाही, मलासुद्धा. मी तिच्याबरोबर एका खोलीत राहायचे, आणि मला कळलं नाही." त्यांचा आवाज स्थिर होता. "तिच्या आईनं ही माझ्या हातात दिली. एकदाच बाहेर काढली मी, आमच्या विमानातल्या मुलींच्या गेट-टुगेदरला. तिच्या वाटची हजेरी म्हणून. बाकी इतकी वर्षं तिचं नाव कुणापुढे काढलं नव्हतं."

"मावशी, मला माफ करा."

"ते करीन मागाहून. आधी सांग, ती कुठे गेली?"

"कोण?"

"माझ्याशी बोलायची ती."

संयुक्तानं सील झाल्याचं सांगितलं. मग पटकन म्हणाली, "पण मी आहे ना. मी करीन फोन. खरंच करीन, दर रविवारी."

"तू केलेस की," कालिंदीबाई शांतपणे म्हणाल्या. "घड्याळाकडे बघत करत होतीस. कळतं गो मला. तुझा मी राग नाही धरत, तुला तुझा संसार आहे. पण ते बोलणं नव्हे."

"आणि यंत्राचं होतं? ते पर्ससाठी बोलत होतं, मावशी. एकेक वाक्य पर्ससाठी."

कालिंदीबाई समोर येऊन बसल्या. "बावीस वर्षं मी माणसांकडे बघून हसले. पगारासाठी. माणसांनाही ते ठाऊक असायचं. तरी लांबच्या प्रवासात एखादी बाई रडत असली आणि मी तिच्या हातावर हात ठेवला, तर तिचं रडं थांबायचंच की. पगार होता म्हणून काय माझा हात खोटा होता?"

"याला हातसुद्धा नाही."

"कान आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी पर्स बोटानं संयुक्ताकडे सरकवली. "ही मला नको. ही मी रडून, बोलून, मोकळी होऊन दिली. ज्याच्यासाठी दिली ते मिळालं होतं मला. परत आणायचंच असेल तर ते आण."

एकच वाट होती, आणि ती संयुक्तानं नाइलाजानं सांगितली. तुमच्या घरातली दुसरी एखादी वस्तू मला मागावी लागेल.

कालिंदीबाई उठल्या, टेबलाच्या खणातून एक लहान डबी काढली आणि उघडली. आत पितळी पंखांचा बिल्ला होता, गणवेशावर लावायचा. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"हा माग. हा मी कुणालाच देणार नाही. जाताना अंगावर घालून जाणार आहे."

"मावशी, ते तुम्हाला वळवेल. त्याला तेवढंच येतं."

"वळवू दे. तोवर बोलेल तरी."

संयुक्ताच्या हातात फोन होता. नाही म्हणता आलं असतं. हे बरोबर नाही मावशी, असं सांगून, पर्स ठेवून, घाट चढून परत जाता आलं असतं. पण त्या घरात मग संध्याकाळी काय उरलं असतं? की आपण हे स्वतःची सुटका व्हावी म्हणून करतोय? दोन्हीतलं खरं कुठलं, ते तिला ठरवता येईना. तिनं बिल्ल्याचा फोटो घेतला, मालकाचं नाव टाकलं आणि बटण दाबलं.

मिनिटभरात कालिंदीबाईंचा फोन वाजला.

"मावशी," संयुक्ताचा आवाज त्यातून म्हणाला, "जेवलात का?"

खरी संयुक्ता खुर्चीत गोठून बसली. इतक्या मायेनं तिनं कुणालाच कधी विचारलं नव्हतं, शैलेशला नाही, स्वतःच्या आईलाही नाही. कालिंदीबाईंचा सगळा चेहरा उजळला. "आलीस तू!" त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातानं पर्स उचलून त्यांनी संयुक्ताच्या खांद्याला अडकवली. मग फोन कानाशी धरून, सरळ ताठ हातानं, सराईतपणे त्यांनी तिला दार दाखवलं.

*

पुढचे कितीतरी महिने संयुक्ता सकाळी उठल्यावर आधी ती पट्टी बघायची. आता ती लाल राहावी म्हणून बघायची. बरेच दिवस ती लाल राहिलीही. मधे एक-दोनदा तिनं सावंतवाडीला फोन लावला, तर तो एंगेज लागला, आणि तिला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच मग तिला लाज वाटत राहिली. शैलेशला तिनं सगळं सांगितलं होतं. तो ऐकून म्हणाला होता, "म्हणजे आपल्या घरातली सगळ्यात चांगली बाई तिकडे राहते." थट्टेत म्हणाला, पण दोघंही हसले नाहीत.

आंब्याच्या दिवसांत पट्टी नारिंगी झाली, मग पिवळी. आणि एका दुपारी दवाखान्यात लहानसं पाकीट आलं. आत रुमालात गुंडाळलेला पितळी बिल्ला. 'अभिनंदन!' मागोवानं लिहिलं होतं.

बाहेर पेशंट बसले होते. संयुक्तानं केबिनचं दार लावलं आणि नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"मावशी, बिल्ला आला."

"पोचला ना नीट? बरं झालं."

"तुम्ही म्हणाला होतात, कुणालाच देणार नाही."

"तिनं मागितला गो," कालिंदीबाई म्हणाल्या. "इतकं छान मागितलं."

संयुक्ताच्या तळहातावर तो बिल्ला होता. "मी परत पाठवते," ती म्हणाली.

"नको, नको. दिलेलं परत घेतलं तर तिला काय वाटेल? तुझ्याच फोनची वाट बघत होते मी. कालपासून तिचा फोन नाही. तू लवकर दुसरं काहीतरी माग."

"काय मागू, मावशी?"

"थांब हं, बघते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपलांचा, लांब जाणारा. कपाटाचं दार करकरलं, एक खण ओढला गेला, मग दुसरा. संयुक्ताच्या केबिनच्या दारावर कुणीतरी टकटक केली. तिनं तिकडे पाहिलं नाही.

"संयुक्ता," आतल्या खोलीतून हाक आली. "आहेस ना गो? ठेवू नकोस."

"आहे, मावशी," ती म्हणाली.

आणि फोन कानाशी घट्ट धरून, त्या घरातल्या वस्तू एकेक करून उचलल्याचे आणि पुन्हा खाली ठेवल्याचे आवाज ती ऐकत बसली.